पेन्सिलीने मोजलेल्या लाटा

ज्या दिवशी मास्तरांचे पैसे बुडाले, त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये एरवी रविवारी वर्ग भरे; त्या दिवशी चालू शेअर बाजार दाखवायचा म्हणून तो सकाळपासून भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या संपल्या, म्हणून मागची माणसं भिंतीला टेकून उभी होती. पडद्यावर बाजाराची रेषा खाली खाली चालली होती आणि पडद्याशेजारी हातात छडी घेऊन सर उभे होते. हॉलमधले लोक त्यांना नुसतं सर म्हणत. बाहेरचे लोक लाटवाले म्हणत.

"घाबरलात?" सरांनी विचारलं.

"नाही!" हॉल म्हणाला.

"घाबरायचं कुणी?"

"ज्याला लाट कळत नाही त्यानं!"

"शाब्बास! पहिली लाट वर, दुसरी खाली. उडी मारायची तर आधी गुडघे वाकवावे लागतात की नाही? बाजार गुडघे वाकवतोय!" रेषा आणखी घसरली. सरांनी छडी पडद्यावर टेकवली. "बघा! बरोब्बर इथे येणार, असं मी म्हणालो होतो ना?"

कधी म्हणाले होते ते कुणाला आठवत नव्हतं. तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटातच खिशाखिशातले फोन थरथरायला लागले.

इथल्या बहुतेकांनी ब्रोकरच्या उधारीवर, आपल्या ऐपतीच्या कितीतरी पट मोठे सौदे केले होते. भाव ठरावीक पातळीखाली गेला की ब्रोकरचं कॉम्प्युटर कुणाला न विचारता सौदा बंद करतं आणि तोटा खात्यातून वळता करून घेतं. आज तेच झालं होतं. पहिल्या रांगेतले पेन्शनवाले काका फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"सर, माझा सौदा कापला गेला," ते हळूच म्हणाले.

"सौदा कापला गेला, काका. लाट कापली गेली का?"

"नाही, पण पैसे..."

"लाट शाबूत आहे! लाट शाबूत तर सगळं शाबूत!"

पुन्हा टाळ्या. मास्तरांचे हात या वेळी अर्ध्यावर थांबले. त्यांनी फोन काढला. खात्यात काही उरलं नव्हतं. सुईत दोरा ओवताना धरतात तसा त्यांनी फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला. आकडा तोच होता.

ते पैसे त्यांच्या बायकोचे होते.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनं. एका मशिनवर ते बसत, दुसऱ्यावर बायको. काज, बटणं, तुरपाई हे तिचं काम, आणि त्याचे पैसे ती वेगळे ठेवी. मुलगी शाळेत गणित शिकवायला लागली तरी बायकोची ती सवय मोडली नाही. मग तिची फुप्फुसं निकामी होत गेली. दवाखान्यात बरेच दिवस काढून ती गेली. दुसऱ्या मशिनवर झाकण पडलं ते पडलंच.

त्यानंतर मास्तर कामात चुकायला लागले. एकाच्या कोटाला दुसऱ्याचं अस्तर लावलं. मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, ते बघवेना. तो त्यांना ओढून या हॉलमध्ये घेऊन आला. "दाजी, बसा तर खरं. डोकं दुसरीकडे लागेल."

पहिल्या दिवशी सर जे बोलले ते मास्तरांच्या काळजात जाऊन बसलं. "या जगात काहीही उगाच होत नाही," सर म्हणाले होते. "शंखाचे वेटोळे बघा. सूर्यफुलाच्या बिया बघा. तुमच्या बोटांची पेरं बघा. सगळीकडे एकच प्रमाण, एकच नियम! पाच लाटा वर, तीन लाटा खाली. बाजारही निसर्गच आहे. ज्याला मोजता येतं त्याला पुढचं दिसतं."

ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याला यापेक्षा गोड काय ऐकायचं असतं? काहीही उगाच होत नाही. कुठेतरी मोजणी आहे. ती आपल्याला येत नव्हती, एवढंच.

मास्तर दर रविवारी जायला लागले. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन. पेन आणायला वर्गात बंदी होती. "पेन म्हणजे अहंकार!" सर म्हणत. "बाजारापुढे नम्र व्हा. पेन्सिल वापरा." भाव सांगितल्याप्रमाणे गेला की सर म्हणत, बघा. नाही गेला की म्हणत, बाजार चुकत नाही, मोजणी चुकते. खोडा आणि पुन्हा मोजा. मग सगळा हॉल मान खाली घालून खोडत बसे. जमिनीवर खोडरबराचा चुरा पडे. तो झाडायला सुद्धा कुणीतरी आपणहून पुढे येई.

सरांच्या जाकिटाचा डावा खांदा उतरलेला होता. ते शिवणाऱ्याने माप नीट घेतलं नव्हतं. मास्तरांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण बायको गेल्यापासून आपल्याला दिसतंय ते खरं मानायची त्यांची ताकदच गेली होती, आणि तिने साठवलेले पैसे त्यांनी सरांच्या लाटेवर लावले होते.

पैसे बुडाले त्याच संध्याकाळी मेव्हणा घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"दाजी, रडत बसायची वेळ नाही. सर म्हणाले, तिसरी लाट आता सुटणार. तिसरी सगळ्यात मोठी असते. आत्ता जो आत नसेल तो जन्मभर हात चोळत बसेल."

"आत जायला काय आहे आता?"

मेव्हण्याने कागद टेबलावर ठेवला. "दुकान."

दुकानाची खोली सासऱ्यांची होती. त्यांच्यानंतर ती अर्धी मेव्हण्याची आणि अर्धी बायकोची झाली, आणि बायकोचा वाटा मास्तरांकडे आला. गहाण टाकायची तर दोघांच्याही सह्या लागणार होत्या. मेव्हण्याने आपली करून आणली होती.

मुलगी वह्या तपासत होती. तिने मान वर केली. "मामा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू मध्ये पडू नकोस. आधीच सगळं गेलंय."

"सगळं नाही गेलं. दुकान आहे. ते घालवायला आलायस."

"घालवायला? ताईचे पैसे परत आणायला आलोय मी!" मेव्हण्याचा आवाज फाटला. "मी नेलं दाजींना तिथे. मी! ते पैसे परत आले नाहीत तर मी ताईला काय..."

मुलीचा आवाज उतरला. "मामा, एकच सांग. आज पडणार हे सरांनी पडायच्या आधी सांगितलं होतं?"

"दुसरी लाट खाली येते, हे सांगितलंच होतं."

"आणि वर गेलं असतं तर?"

"तर ती तिसरी सुरू झाली असती."

"म्हणजे काहीही झालं तरी बरोबर!"

"पुरे!" मास्तर ओरडले. घरात ते कधी ओरडत नसत. "शाळेतली पोरं तुझं ऐकतात म्हणून सगळ्यांनी ऐकायचं? रविवारी वर्ग आहे. सरांना एकदा नीट विचारतो आणि सही करतो."

मुलगी वह्या उचलून आत गेली. मेव्हण्याने कागद तिथेच ठेवला.

खरं म्हणजे मास्तरांना स्वतःचीच खात्री पटवायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मोजायचा सराव करायचं ठरवलं आणि जुना एखादा चार्ट मिळतो का म्हणून टेबलाखालचा खण उपसला. खडू, फूटपट्टी, कापडाचे नमुने, आणि तळाशी चौकटींचा एक घडी घातलेला कागद. त्यावर वर-खाली जाणारी एक रेषा.

वर्गातलाच असणार, असं समजून त्यांनी पेन्सिल घेतली आणि लाटांना आकडे घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग अ, ब, क. किती सुरेख बसत होतं! सरांनी सुद्धा शाब्बास म्हटलं असतं. दुरुस्ती, म्हणजे खाली येणाऱ्या तीन लाटा, संपलेली; खालून नवी रेषा उचललेली. आता चढणार. नक्की चढणार. मास्तरांना कितीतरी दिवसांनी हुशारी वाटली. पुढे काय झालं ते बघायला त्यांनी घडी उलगडली.

कोपऱ्यात मुलीचं अक्षर होतं. आईचा ऑक्सिजन.

मास्तर टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले.

दवाखान्यात रोज सकाळी बायकोच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजत. मुलगी तो आकडा या कागदावर ठिपका देऊन मांडायची आणि दुकानात आणून ठेवायची, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा. रेषा चढली की मेव्हणा फोन करायचा, "दाजी, चढतोय! ताई घरी येणार!" पडली की म्हणायचा, "एवढं पडणारच हो, उद्या बघा." मास्तरही तेच म्हणायचे. डॉक्टर सांगत होते, रोजच्या आकड्यावर जाऊ नका, फुप्फुसं संपत चालली आहेत, तिच्याशी बोलून घ्या. मास्तर बोलायला बसायचे आणि तिला आकडा सांगायचे. ती हसायची. शेवटी तर ती म्हणालीसुद्धा, "तो आकडा ठेवा की जरा बाजूला."

आता त्याच रेषेवर त्यांनी लाटा मोजल्या होत्या. आणि त्या बसल्या होत्या. बरोब्बर बसल्या होत्या. मोजणी म्हणत होती, चढणार.

त्यांनी डोकं टेबलावर टेकलं.

मग ते उठले. कापडावर खुणा उतरवायचं दातेरी चाक घेतलं, खाली चौकटींचा कोरा कागद ठेवला, ती रेषा हलक्या हाताने त्यावर टोचली आणि टोचे पेन्सिलीने जोडले. नाव नाही, आकडे नाहीत. नुसती रेषा. शेवटचा भाग मागे दुमडला.

वर्गाची एक रीत होती. दर रविवारी कुणीतरी झाकलेला चार्ट आणायचा. कंपनीचं नाव झाकायचं, पुढचा भाग मागे दुमडायचा. सर तो कॅमेऱ्याखाली ठेवून पडद्यावर सगळ्यांसमोर मोजायचे, मग घडी उघडायची. सरांचं सगळं नाव या झाकलेल्या चार्टांवर झालं होतं. "मला नाव सांगू नका, धंदा सांगू नका," ते म्हणत, "मला फक्त रेषा दाखवा!" घडी उघडल्यावर सर कधी चुकलेले कुणी पाहिले नव्हते. कारण पुढे भाव कुठेही गेलेला असो, सर खोडरबर फिरवत आणि नवे आकडे घालत, आणि ते जुन्यांपेक्षाही छान बसत.

त्या रविवारी मुलगीही बरोबर आली. सकाळी मास्तरांनी तिला कागद दाखवला होता. "येतेस?" एवढंच म्हणाले होते.

मेव्हणा पहिल्या रांगेत होता, गहाणाचा कागद पिशवीत घेऊन. "दाजी, आज तुमचा चार्ट? वा!"

सरांनी कागद कॅमेऱ्याखाली ठेवला आणि पेन्सिल घेतली. पडद्यावर रेषा मोठी झाली. सरांचे डोळे चमकले.

"अहाहा! मास्तर, कुठून आणलात हा दागिना? असा चार्ट दहा वर्षांत एकदा दिसतो. ही पहिली, ही दुसरी... तिसरी, चौथी, आणि ही पाचवी! मग अ, ब, क. दुरुस्ती संपली. आणि हे काय दिसतंय? हे काय उगवलंय?"

"नवी लाट!" हॉल ओरडला.

"नवी लाट! इथून वर, वर आणि वर!"

"सर," मास्तर म्हणाले, "खात्री किती?"

"हात कापून देईन."

"पैसे नसतील तर?"

"उभे करा. घर आहे? दुकान आहे? अहो, निसर्ग स्वतः तुम्हाला वर बोलावतोय आणि तुम्ही खिसा चाचपता?"

मेव्हण्याने मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. बघितलंत?, असं त्याचं तोंड होतं.

"उघडतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी घडी उलगडली.

रेषा एक चौकट वर गेली. मग कड्यावरून दगड सुटावा तशी सरळ खाली आली आणि थांबली. त्यापुढे नुसत्या रिकाम्या चौकटी.

सरच आधी हसले. "कंपनी बुडाली वाटतं!"

हॉल हसला. मेव्हणाही हसला.

"कंपनी नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. "ही माझी बायको. तिच्या रक्तातला ऑक्सिजन आहे हा. जिथे तुम्ही दुकान पणाला लावायला सांगितलंत ना, तिथे ती होती. आणि जिथे रेषा थांबलीय तिथे ती गेली."

मेव्हण्याचं हसू तोंडावरच राहिलं. "ताई?" तो म्हणाला. मग पडद्याकडे बघत पुन्हा, अगदी हळू, "ताई?"

सर क्षणभर गडबडले, पण क्षणभरच. "मास्तर, तुमचं दुःख मी समजतो. पण माणसाचं शरीर वेगळं, बाजार वेगळा. तिथे हा नियम लावायचाच नसतो."

"का? शंख, सूर्यफूल, बोटांची पेरं. सगळीकडे एकच नियम, म्हणाला होतात. त्याच बोटाला चिमटा लावायचे, सर. ती काय निसर्गाच्या बाहेर होती?"

मागून कुणीतरी खोकलं. सरांचा हात सवयीने खोडरबराकडे गेला. "एक मिनिट. गैरसमज नको. पर्यायी मोजणी असतेच. ही शेवटची चढण नवी लाट नव्हतीच, ही ब होती. ब लाट फसवी असते, हे मी पहिल्याच दिवशी..." आणि ते खोडायला लागले.

"खोडू नका," मास्तरांची मुलगी म्हणाली.

सर थांबले.

"आधीचे आकडे तसेच राहू द्या. नवे त्याच्या खाली घाला. पेनाने." तिने पर्समधून लाल पेन काढून समोर धरलं. सर पेन घेईनात. मग तिने स्वतःच, सर जे सांगत होते ते आकडे लाल पेनाने मांडले. एकाच रेषेखाली दोन ओळी झाल्या. वरची म्हणत होती चढणार. खालची म्हणत होती पडणार. दोन्ही सारख्याच सुरेख बसल्या होत्या.

"एवढीच जादू आहे," ती म्हणाली. "रेषा वाकडी असली की तिच्यात पाच सापडतात, तीनही सापडतात. कुठून मोजायला लागायचं आणि कुठला खड्डा सोडायचा हे आपल्या हातात असतं. आणि जे जमत नाही ते खोडायला रबर आहेच."

पेन्शनवाले काका उठले. "बाई, म्हणजे याचा काहीच उपयोग नाही? मी म्हातारपणी शिकलो हो हे."

"झालेलं बघायला रेषा उपयोगी आहे, काका. आई कोणत्या दिवशी बरी होती ते मला या कागदावरून कळतं. उद्याचं कळलं नव्हतं. जी मोजणी चढलं तरी बरोबर आणि पडलं तरी बरोबर, तिच्यावरून शेअर घ्यायचे का विकायचे हे तुम्ही कसं ठरवणार?"

काका सरांकडे वळले. "सर, त्या दिवशी तुमचा किती तोटा झाला?"

"गुरूने सौदा करायचा नसतो. त्याने दृष्टी भ्रष्ट होते."

"मग तुमचं घर कशावर चालतं?"

"आमच्या फीवर!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

मेव्हणा उठला. पिशवीतला कागद काढून त्याने मास्तरांच्या हातात कोंबला. त्याचे डोळे लाल झाले होते. "घ्या तुमचं दुकान. पण ताईला असं पडद्यावर टांगायची गरज होती? या लोकांसमोर? मी हसलो, दाजी. तिच्यावर मी हसलो."

"अरे, तुला थांबवायला..." मास्तर म्हणाले. पण तो जिना उतरून गेला होता.

एवढं झाल्यावर हॉल रिकामा झाला असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. निम्मे लोक उठले, निम्मे बसून राहिले. सर त्यांना सांगत होते की शंका ही दुसऱ्या लाटेचीच खूण आहे, आणि ते मान हलवत होते. सगळं गमावलेल्या माणसाला, तू फसलास, हे ऐकण्यापेक्षा, अजून थोडं थांब, हे ऐकणं सोपं जातं. मास्तरांना त्यांचा राग आला नाही. दवाखान्याच्या बाकावर तेही असेच बसले होते.

म्हणून जे वाचतील त्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी पुढचं सांगतो म्हणाला, मग तो राख फुंकणारा असो की चार्ट मांडणारा, तर त्याच्या हातातलं खोडरबर आधी काढून घ्या. काय होणार, केव्हा होणार आणि काय झालं तर मी चुकलो, हे पेनाने लिहून मागा. मास्तर म्हणतात, शिवताना आम्ही माप आधी घेतो, कापड मागून कापतो. कापून झाल्यावर जो माप सांगतो तो शिंपी नाही. आणि आपलं माणूस आजारी असेल तर आकड्यापेक्षा त्याच्याकडे बघा. त्याला काही बोलायचं असतं.

दुकान वाचलं. गहाणाचा कागद मास्तरांनी फाडून टाकला. दुसऱ्या मशिनवरचं झाकण काढून तेल घातलं. शाळेतून आल्यावर मुलगी त्यावर बसते, तुरपाई वाकडी घालते आणि बोलणी खाते. पैसे परत आलेले नाहीत, यायचेही नाहीत. सरांनी वर्ग दुसऱ्या गल्लीत नेला आहे आणि तिथे म्हणे खुर्च्या कमी पडतात.

मास्तरांनी मुलीकडून पोलिसांत द्यायची तक्रार लिहून घेतली आहे, पेनाने. ती घेऊन ते घरोघर गेले. काहींनी दार उघडलं नाही, काहींनी चहा दिला आणि सही दिली नाही. फसलो हे कागदावर आलं की सुनेला कळेल, शेजाऱ्यांना कळेल. पेन्शनवाल्या काकांनी मात्र सही केली. काही जणांनी काकांचं बघून केली.

लोकांना हॉलमध्ये आणायला आणि त्यांची फी गोळा करून सरांना द्यायला मेव्हणाच पुढे असे, म्हणून त्याची सही सगळ्यात महत्त्वाची. मास्तर त्याच्या दारात तीनदा जाऊन आले. आतून रेडिओ ऐकू येतो, दार उघडत नाही. त्याची सही अजून घ्यायची राहिली आहे.